न जळालेलं गाव

प्रिय एल्डन,

फोनवर आपलं चार वाक्यं बरं चालतं आणि मग दोघांपैकी एक जण फोन आपटतं. बहुतेक वेळा मीच. म्हणून या खेपेला कागद घेतला. तूही आईसारखाच. हातात पडलेलं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तुला खाली ठेवता येत नाही, आणि मी त्याचा फायदा घेणार आहे.

आधी इकडचं सांगते. नदीवरचा बर्फ यंदा उशिरा फुटला. वाहत्या लाद्यांवर गरुड ऐटीत बसून मासे फाडत होते, तू असतास तर दिवसभर काठावरून हलला नसतास. चीज फॅक्टरीत दुधाचे नमुने तपासायला नवीन यंत्र आलंय, ते रोज माझ्याशी भांडतं. सपर क्लबच्या खानावळीतल्या शुक्रवारच्या माशांना पूर्वीची चव राहिली नाही असं सगळे म्हणतात आणि दर शुक्रवारी सगळे तिथेच असतात. बाबांची तब्येत ठणठणीत आहे. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, मी त्यांना मुद्दाम तपासून आणलं. डॉक्टर रास्मुसेननी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावले. बाबांनी एका दमात म्हणून दाखवले आणि वर म्हणाले, "आता तुम्ही म्हणा." डॉक्टर जुलैवर अडखळले. पत्त्यांत, क्रिबेजच्या डावात, बाबा मला अजून धूळ चारतात. अग्निशमन दलाच्या नोकरीत कुठल्या वर्षी कुणाचं कोठार पेटलं, वारा कुठून होता, बंब कुठल्या वळणावर रुतला, सगळं तोंडपाठ. हे लक्षात ठेव. पुढचं वाचताना तुला वाटेल, वय झालं, दुसरं काय. वयाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि चुए व्हँगने लाँड्री बंद केली. मागच्या आठवड्यात तो आणि मी सेंट पॉलला मुलाकडे निघून गेले. ही "मी" म्हणजे त्याची बायको, मी नव्हे. लहानपणी तिच्या नावावरून तू तासन् तास हसायचास. लाओसच्या युद्धातून पळून ती माणसं आपल्या गावात पहिल्यांदा आली तेव्हा चर्चच्या तळघरात बाबा त्यांना धुराचा अलार्म कसा वाजतो ते शिकवायला गेले होते, आणि अलार्म वाजल्याबरोबर सगळी माणसं जमिनीवर आडवी पडली होती. बाबांनी घरी येऊन जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते एकेकाच्या घरी जाऊन, आधी सांगून, हळू आवाजात अलार्म वाजवून दाखवू लागले. चुएशी त्यांची दोस्ती तिथली. मीच्या हातचे एग रोल दर शनिवारी आपल्याकडे यायचे. तू एकदा इतके खाल्लेस की बंबातच ओकलास, आणि बाबांनी तो स्वतः धुतला.

आपल्या अंगणातल्या पाट्याही तुला आठवत असतील. निवडणूक आली की आईची डेमोक्रॅटची, बाबांची रिपब्लिकनची, शेजारी शेजारी. बाबा दोन्हींच्या भोवतीचं गवत सारख्याच काळजीने कापायचे. आई म्हणायची, "हार्लन, तुझं मत माझ्या मताने पुसलं जातं, तर आपण घरीच बसू या ना." ते म्हणायचे, "तू बस, मी जाऊन येतो." मग दोघं एकाच गाडीतून मत द्यायला जायचे. असं घर होतं आपलं. बाबा कुणाचं ऐकून काही मानणारे नव्हते. धूर दिसला की ते आधी जवळ जाऊन बघायचे, मग बोलायचे.

तो मोर्चा निघाला तेव्हा तू न्यूयॉर्कला होतास, टीव्ही चॅनेलच्या नव्या नोकरीत. त्या उन्हाळ्यात सगळीकडेच मोर्चे निघत होते, आपल्याकडेही निघाला. हायस्कूलच्या मुली, निवृत्त शिक्षक, पास्टर बाई आणि त्यांचा लंगडा कुत्रा. कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी लिंबू सरबत प्यायलं. तेवढ्यात लाँड्रीच्या मागे कचऱ्याचा मोठा डबा पेटला. ड्रायरच्या जाळीवर कपड्यांची लव साचते ना, ती चुएच्या पोऱ्याने गरम असतानाच डब्यात टाकली होती. डबा प्लास्टिकचा, म्हणून धूर काळा आणि उंच. बाबा बंब घेऊन आले, पाणी मारलं, चुएला चार शब्द सुनावले, "लव आधी ओली करायची, किती वेळा सांगितलं तुला!" आणि संपलं. पास्टर बाईंनी बाबांनाही सरबत दिलं. त्या दुपारी आपल्या गावात याहून जास्त काहीही घडलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश लिहिलं आहे.

पण कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं. पुढे पाठमोरा मोर्चा, मागे तो धूर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते तुमच्या चॅनेलवर आलं. तो उंची टाय लावणारा माणूस कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "हॅलम्स फेरी. हे नाव लक्षात ठेवा." मग मोर्चाने आपलं गाव जाळलं असं तो रोजच सांगू लागला. आमच्या धुरानंतर भाजून काळी पडलेली चार मजली विटांची इमारत दिसायची. बाबा सोफ्यावर मांडीवर थाप मारून हसायचे. "अगं, ही कुणाची? आपल्या गावात लिफ्ट बघायला माणसं बाहेरगावी जातात!" हसून झालं की मात्र ते अस्वस्थ व्हायचे. चॅनेलला फोन लावायचे. "मी इथला अग्निशमन प्रमुख बोलतोय. तो डबा होता हो, डबा." समोरची मुलगी गोड आवाजात म्हणायची, "कळवते सर." मग त्यांनी तुला फोन केला. तू म्हणालास, "बाबा, मीच येतो कॅमेरा घेऊन. तुम्ही बोला, तुमच्या तोंडून ऐकतील लोक."

किती खूश होते ते, एल्डन. इस्त्री केलेला गणवेश, बूट चमकवलेले. तू प्रश्न विचारत होतास आणि मी कॉफीचे कप धरून कॅमेऱ्याच्या मागे उभी होते, म्हणून मला शब्द न् शब्द माहीत आहे. ते म्हणाले, "इतक्या वर्षांच्या नोकरीत असं काही मी पाहिलं नव्हतं, एका कचऱ्याच्या डब्यासाठी देशभरातून फोन!" ते म्हणाले, "लवेने पेट घेतला. डब्यात काही उरलं नाही, राखसुद्धा नाही, पण शेजारच्या भिंतीचा रंगही गेला नाही." आणि ते म्हणाले, "लोक घाबरलेत खरे, पण ते तुमचा टीव्ही बघून." तू हसलास. मीही हसले. निघताना तू त्यांना मिठी मारलीस.

संध्याकाळी लाँड्रीत टीव्हीसमोर अर्धं गाव जमलं होतं. चुएने खुर्च्या मांडल्या होत्या. पडद्यावर बाबा आले आणि म्हणाले, "इतक्या वर्षांच्या नोकरीत असं काही मी पाहिलं नव्हतं." मग ज्वाळा. मग पुन्हा बाबा, मान किंचित डावीकडे कललेली, "काही उरलं नाही, राखसुद्धा नाही." मग ती चार मजली इमारत. मग बाबा, "लोक घाबरलेत." संपलं. मागे एक यंत्र तेवढं कपडे घुसळत होतं. चुएने टीव्ही बंद केला आणि काळ्या पडद्यात आम्हा सगळ्यांचे चेहरे दिसले. घरी जाताना बाबांनी मला एकच विचारलं, "हे कापायचं काम कोण करतं गं?" मी म्हटलं, "असेल कुणीतरी तिकडे." त्यांनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी चॅनेलला कधी फोन केला नाही.

त्यानंतर जे सुरू झालं ते फोनवर मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगायला गेलं की वेडगळ वाटतं. दूरदूरच्या गावांतून खोकी येऊ लागली. कांबळी, बाळांचे कपडे, प्यायचं पाणी. "हॅलम्स फेरीतल्या वाचलेल्यांसाठी." आम्ही ती अग्निशमन केंद्रात रचून ठेवली, छतापर्यंत गेली. मग माणसं येऊ लागली. नेब्रास्काहून एक नवरा-बायको आले, सभ्य, हसतमुख. भर दुपारी मेन स्ट्रीटवर उभे राहून ऊलेला विचारू लागले, जळालेला भाग कुठे आहे? ऊले आपल्या हार्डवेअरच्या दारात झाडू घेऊन उभा. म्हणाला, "हीच ती मेन स्ट्रीट. काही जळालं नाही इथे." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई पुढे झाली, त्याच्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "कळलं. तुम्हाला बोलायची बंदी आहे ना?" मग त्यांनी त्या उभ्या, रंगवलेल्या, कुंड्या लावलेल्या दुकानांचे फोटो काढले, डोळे पुसले आणि निघून गेले. ऊलेने मला सांगितलं, "मारित, ते गेल्यावर मी वळून दुकानाकडे पाहिलं. आहे का ते बघायला."

आमदाराने प्रचारात आमचं नाव घेतलं आणि तो निवडून आला. शेरीफने आमच्या नावावर चिलखती गाडी मागून घेतली. ती पार्क करायला जागा नाही म्हणून खोक्यांच्या शेजारी उभी आहे. ही माणसं इथे राहतात, एल्डन. शेरीफची बायको त्याच लाँड्रीत रजया धुवायची. त्यांना ठाऊक होतं. पण जे घडलं नाही त्याचा त्यांना उपयोग होता आणि जे घडलं त्याचा काहीच नव्हता. हे मला समजतं. राजकारण आहे, लबाडी आहे, राग येतो आणि माणूस पुढे जातो. भीती मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. सपर क्लबमध्ये वाढणारी आपली लव्हर्न एका संध्याकाळी सहज म्हणाली, "हा पडदा आगीच्या आधीचा आहे." कोणत्या आगीच्या? तिने मान वर केली, गोंधळली आणि मासे आणायला आत गेली. हिवाळ्यात फॅक्टरीत कुणीतरी विचारलं, ही टाकी कधी बसवली, आणि मी बोलून गेले, "गाव जळलं त्या वर्षी." मी बोलले, एल्डन. माझ्या तोंडातून. हातातली दुधाची नळी तशीच धरून मी उभी राहिले आणि जीभ दुसऱ्या कुणाची असावी तशी मला तोंडात जाणवत राहिली.

बाबांचं मात्र हळूहळू झालं. आधी ते म्हणू लागले, जळकट वास येतोय. पडदे धुतले, गालिचा बाहेर घातला, तरी वास येतोच. मग मेन स्ट्रीटवरून जाणं बंद. औषधाच्या दुकानातसुद्धा मागच्या गल्लीतून. मग पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले. टीव्ही चालू, त्यावर दर काही दिवसांनी ते स्वतः येतात, मान कलवतात आणि सांगतात की काही उरलं नाही. बाबा समोर बसून ऐकतात. परका माणूस बातमी सांगत असावा तसे, लक्ष देऊन. देशभरातून त्यांना कार्डं येतात. "त्या आगीशी झुंजणाऱ्या वीराला." आधी बाबा ती फाडायचे. मग टेबलावर ठेवू लागले. आता शेल्फवर आईच्या फोटोजवळ मांडली आहेत.

मार्चमध्ये एका लख्ख दुपारी मी त्यांना जबरदस्तीने बाहेर काढलं. म्हटलं, चला, आज पुढच्या रस्त्याने. माझा दंड घट्ट धरून ते चालू लागले. ऊलेचं दुकान, बँक, कोपऱ्यावरची बेकरी, कोर्टाच्या पायऱ्या. सगळं जिथल्या तिथे, उन्हात न्हालेलं. मला वाटलं, आता हसतील. बेकरीच्या खिडकीतला तो जुना तडा आठवतो ना, तू बॉल मारलेला? त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. आणि कौतुकाने म्हणाले, "बघ तर, किती हुबेहूब बांधलंय. तडासुद्धा ठेवलाय." ऊले बाहेर आला, "हार्लन! किती दिवसांनी, लेका!" बाबांनी त्याचा हात आदराने दाबला. "छान केलंत तुम्ही. अगदी जुन्यासारखं. इथे पूर्वी ऊले म्हणून होता, चांगला माणूस." ऊले मोठ्याने हसला. मग त्याने बाबांच्या डोळ्यांत पाहिलं आणि हसू तिथेच थांबलं. घरी येऊन बाबांनी मला क्रिबेजमध्ये हरवलं.

एप्रिलमध्ये लाँड्रीची काच दुसऱ्यांदा फुटली. पहिल्यांदा फुटली तेव्हा चुएने लगेच बसवून घेतली होती. तुमच्या चॅनेलने लाँड्रीला "दंगलखोरांचा अड्डा" म्हटल्यापासून बाहेरगावचे ट्रक समोर येऊन थांबायचे, आतली माणसं उतरायची नाहीत, इंजिन चालू ठेवून नुसती बघत बसायची. मीने दिवसासुद्धा दार लावून घ्यायला सुरुवात केली. दुसरी काच फुटली त्या रविवारी चुए आपल्याकडे आला. टोपी हातात. पडदे ओढलेल्या खोलीत बसला आणि म्हणाला, "हार्लन, माझं बाकी काही मागणं नाही. तू तिथे होतास. नगर सभेत एकदा उभा राहा आणि सांग, लव होती म्हणून. तुझं ऐकतील."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते बोलले. "इतक्या वर्षांच्या नोकरीत असं काही मी पाहिलं नव्हतं." थांबले. मान किंचित डावीकडे कलली, जशी पडद्यावर कलते, बरोबर तिथेच, जिथे तुम्ही कापलंय. "काही उरलं नाही. राखसुद्धा नाही." पुन्हा थांबले, श्वाससुद्धा तेवढाच. "लोक घाबरलेत." एल्डन, माणूस बोलताना असा तुटत नाही. तो आवाज आपल्या बापाचा होता आणि त्यातली ती भेग बाहेरून आलेली होती. चुएने टोपी डोक्यावर घातली. दारात माझा खांदा थोपटला आणि म्हणाला, "त्यांच्यावर रागावू नकोस पोरी. लाओसमध्ये मी अशी माणसं पाहिलीत. त्यांच्या घरात दिवसभर रेडिओ बोलायचा, मग तीही तसंच बोलायची." आणि गेला.

आठवड्याभरात त्यांनी यंत्रं विकली नाहीत की काही नाही, नुसतं सामान भरलं. ते गेले त्या दिवशी दुपारी मी कामावरून आले तर बाबा घरात नव्हते. मागच्या गल्लीत नाही, नदीवर नाही. शेवटी लाँड्रीचं दार उघडं दिसलं. ते आत उभे होते. गोल काचेची सगळी झाकणं उघडी, रांगेने, आणि मधोमध बाबा, पाठमोरे. मी हाक मारली नाही. ते एका ड्रायरपाशी गेले, जाळी ओढून काढली, तिच्यावरची लव चिमटीत धरली आणि न वळता म्हणाले, "डब्यात लव होती, मारित." अगदी त्यांचा आवाज. जुना, एकसंध.

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत बाबा? चुए दारात आला होता!" मी ओरडले, खोटं कशाला बोलू. ते वळले. डोळे स्वच्छ होते. म्हणाले, "ते एल्डनने कापलं ना? फोनवर म्हणाला होता मला, बाबा, मीच बसून जुळवणार आहे. किती खुशीत होता." मग म्हणाले, "मी तसं बोललोच नव्हतो असं म्हटलं, तर पोरगा खोटा ठरतो. सगळ्या देशासमोर. बापाच्या तोंडात शब्द घालणारा. मी तसंच बोललो असं धरलं, तर तो खरा ठरतो. मग तसं धरायचं म्हटलं. पण नुसतं धरून चालत नाही गं. मग गाव जळालेलं असावं लागतं. मग मला वास यायला लागला." मी त्यांना जवळ घेतलं. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "चुए कुठे गेला?"

घरी नेलं, सूप दिलं, मी रात्रभर त्यांच्याजवळ बसून राहिले. मला वाटलं, सुटलो. सकाळी मी टोस्ट केले. बाबांनी लोणी लावता लावता मान वर केली आणि सहज, हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "लाँड्री केव्हा बांधणार आहेत? फार वाईट जळाली ती. त्यातले लोक वाचले नाहीत ना?" त्यांनी हळूच मान डावीकडे कलवली.

आता का लिहिलं ते सांगते. काल बाबांनी मला अभिमानाने सांगितलं की जूनमध्ये, वर्षपूर्तीला, तू येतो आहेस, रिकाम्या लाँड्रीसमोर त्यांची मुलाखत घ्यायला. गणवेश त्यांनी आत्ताच कपाटातून काढून दाराच्या मागे लटकवला आहे. मी तुला येऊ नकोस म्हणत नाही. मी चॅनेलला कळवणार नाही, वर्तमानपत्रात जाणार नाही, आणि जे झालं ते तू टीव्हीवर कबूल करावंस असंही माझं मागणं नाही. ते तुझं तू बघ. चुएचा पत्ता माझ्याकडे आहे, तुला हवा असेल तेव्हा माग. पण एल्डन, मी ओरडून, रडून, हात धरून फिरवून पाहिलं. माझ्याने ते होत नाही, कारण त्यांनी हे माझ्यासाठी केलेलं नाही. त्या दुपारी ते थोडा वेळ परत आले होते, म्हणजे वाट अजून बुजलेली नाही. आणखी एकदा कॅमेऱ्यासमोर तीच वाक्यं बोलले, तर बुजेल. तुला फक्त त्यांच्यासमोर बसून म्हणायचं आहे, "बाबा, तुम्ही लव म्हणाला होतात. मी कापलं." बापाला तुझ्यासाठी आणखी काही धरून बसावं लागणार नाही. मग ते चिडतील, कदाचित तुझ्याशी बोलणार नाहीत, कदाचित एक थोबाडीतही देतील. देऊ देत. मी स्वयंपाकघरात असेन, मध्ये येणार नाही. एक दिवस आधी ये. मागच्या दाराने ये, आणि कॅमेरा गाडीतच राहू दे.

तुझीच,
मारित